चावी कुणाकडे? गडचिरोलीतल्या दवाखान्यांचे पाच दिवस

जुलैचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला होता. ग्रामीण दवाखान्याचा कारभार बघायचा तर पावसाळ्यात बघावा. उन्हाळ्यात सगळीच केंद्रं बरी दिसतात. रस्ते मोकळे, पेशंट कमी, रजिस्टरं नीट भरलेली. भाताची रोवणी सुरू झाली की साप, हिवताप, जुलाब आणि बाळंतपणं एकदम अंगावर येतात, नाले भरतात, वीज जाते, आणि मग दवाखाना खरा कसा चालतो ते दिसतं.

सपाट भागात 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात 20,000 आणि 3,000, असा सरकारी निकष आहे. मंजूर पदं आणि औषधांची यादी सगळीकडे जवळपास तीच. तरी शेजारशेजारच्या दोन केंद्रांत पेशंटचं नशीब सारखं नसतं. ते का, हे बघायला निघालो होतो. जिथलं काही वाईट लिहिलं आहे त्या केंद्रांची नावं दिलेली नाहीत. त्याच चुका राज्यात कुठेही सापडतील.

दिवस पहिला : नागपूर ते गडचिरोली

सकाळी सहाला नागपूर सोडलं. उमरेडला तर्री पोहे, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल आणि आरमोरी. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या आणि त्यात ओळीनं वाकलेल्या बायका. पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या बांधावर. पाऊस होता, पण झोडपणारा नव्हता.

वाटेतलं पहिलं केंद्र नवं रंगवलेलं होतं. दर्शनी भागात नागरिकांची सनद, भिंतीवर लसीकरणाचं चित्र, फरशी लखलखीत. प्रसूतीगृहात काचेचं कपाट, आणि त्यात तातडीच्या औषधांचा ट्रे. कपाटाला कुलूप.

"सिस्टर, चावी?"

"फार्मासिस्ट सरांकडे असते जी. ते आज तालुक्याला मीटिंगला गेले."

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर बाई दोन तासांत जाऊ शकते. तालुक्याहून मोटारसायकलीनं परत यायला, पाऊस धरून, तास-दीड तास सहज लागतो. कुलूप कुणी दुष्टपणानं लावलेलं नसतं. तपासणीत इंजेक्शनची दोन अँप्यूल कमी निघाली तर खुलासा फार्मासिस्टला द्यावा लागतो, कधी पगारातून वसुली होते. औषध कपाटात असूनही बाई दगावली, तर 'नातेवाईकांनी उशिरा आणलं' एवढं लिहून भागतं. ज्या चुकीचा जाब विचारला जातो तिचाच बंदोबस्त माणूस आधी करतो. कुलूप त्यातून आलेलं असतं.

सिस्टरनं काचेतूनच ट्रे दाखवला. मॅग्नेशियम सल्फेटची सहा अँप्यूल. गरोदरपणात झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी 10 ग्रॅम द्यायचं असतं, 5 ग्रॅम एका कुल्ल्यात आणि 5 दुसऱ्यात, खोल स्नायूत. 50 टक्क्यांचं 2 मिलीचं एक अँप्यूल म्हणजे 1 ग्रॅम. म्हणजे दहा अँप्यूल, 10 मिलीच्या दोन सिरिंज आणि लांब सुया, एवढं मिळून एक डोस होतो. साठा रजिस्टरात 'मॅगसल्फ : उपलब्ध' असं लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं, पण सहा अँप्यूलमध्ये एकाही बाईचा डोस बसत नाही. तातडीचं औषध नगावर मोजून उपयोग नाही. 'किती पेशंटना पुरेल' असा रकाना पाहिजे.

प्रसूतीनंतर गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन खिडकीजवळच्या उघड्या ट्रेमध्ये होतं, शेजारीच उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं, उष्णतेनं त्याची ताकद हळूहळू जाते. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत 10 युनिट स्नायूत द्यायचे, आणि दिले तरी गर्भाशय आवळत नाही, कारण अँप्यूल एप्रिल-मेचा अख्खा उन्हाळा त्या ट्रेमध्ये काढून आलेलं असतं. मग दोष बाईच्या रक्तक्षयाला. बाहेर का ठेवलं, याचंही कारण आहे. लसींच्या खास फ्रिजमध्ये (आयएलआर) दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम, आणि तो बरोबरच आहे. प्रसूतीगृहाचा छोटा फ्रिज बंद पडलेला. त्याच्या दुरुस्तीचा कागद कुणी पाठवायचा हे ठरलेलं नव्हतं. रुग्ण कल्याण समितीचा निधी अशाच कामांसाठी असतो. तोवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, तोंडावाटे 600 मायक्रोग्रॅम, हाताशी ठेवता आल्या असत्या. त्यांना फ्रिज लागत नाही, पाकीट कोरडं राहिलं म्हणजे झालं.

निघता निघता कोपऱ्यातला ऑक्सिजनचा बी टाइप सिलेंडर पाहिला. पूर्ण भरलेला, पण उघडायची चावी नव्हती. ती अँब्युलन्समध्ये, अँब्युलन्स रेफरला, म्हणजे पेशंट पुढच्या दवाखान्यात पोहोचवायला. हा प्रकार इतका सर्रास आहे की कुठल्याही केंद्रात शिरल्यावर आधी सिलेंडरची चावी बघावी. ती साखळीनं सिलेंडरलाच बांधलेली असेल तर बाकीचंही बहुतेक ठीक निघतं.

जाणाऱ्यांसाठी : जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र सोबत ठेवा आणि केंद्रात गेल्यावर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. पेशंटचे फोटो काढू नका. सिलेंडरचा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण 1,500 लिटर वायू असतो, मिनिटाला 5 लिटर दिला तर पाच तास. काटा अर्ध्यावर असेल तर अडीच तास. अडीच तासांत पेशंट कुठवर पोहोचतो हे निघण्यापूर्वी बघायचं.

दिवस दुसरा : शोधग्राम आणि एक गाव

गडचिरोलीहून धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' संस्था सुरू केली. इथला दवाखाना माँ दंतेश्वरीच्या नावानं आहे. मोठ्या इस्पितळाची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, हे आदिवासी लोकांनी सांगितलं आणि त्यावरून इथली रचना ठरली. वॉर्ड म्हणजे झोपड्यांसारख्या खोल्या, पेशंटजवळ घरची माणसं. बाहेरच्याला ही हौस वाटेल. पण पेशंट मध्येच उठून घरी जातो तेव्हा पाच दिवसांचं इंजेक्शन दोन दिवसांवर तुटतं, आणि तो का जातो याचं उत्तर बहुतेक वेळा 'सोबतच्या माणसाला झोपायला-रांधायला जागा नव्हती' हेच असतं.

सर्चचं सर्वात माहितीचं काम म्हणजे घरोघरी नवजात बाळाची काळजी. 39 गावांत प्रशिक्षित गावच्या बायकांनी बाळं तपासली, वजनं केली, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली. हजार जन्मांमागे 62 असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे 25 वर आला. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. पुढे याच धर्तीवर देशभर आशा कार्यकर्त्यांच्या भेटी सुरू झाल्या. दवाखान्यात प्रसूती झाली तर सहा भेटी, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. घरी झाली तर पहिल्या दिवसाची एक जास्त.

दुपारी एका आशाताईंबरोबर दुसऱ्या एका गावात गेलो. सातव्या दिवसाची भेट होती. ओसरीत पाऊस झिरपत होता, आत चूल पेटलेली. ताईंनी आधी हात धुतले, हवेत वाळवले. मग वजनकाटा आडव्या बांबूला अडकवला, रिकामी झोळी लावली आणि काटा शून्यावर आणला. ही पायरी गाळली की झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं आणि कमी वजनाचं बाळ कागदावर सुटतं. बाळाचे कपडे काढले, झोळी अडकवली, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली. डोळे काट्याच्या उंचीला आणायला त्या चक्क खाली बसल्या. 2,150 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी 2,100 होतं, जन्माचं 2,200.

"कमीच आहे ना जी?" आजीनं विचारलं.

"कमी झालं होतं, आता चढायला लागलं. आंघोळ नको, आईच्या छातीशी ठेवा."

भेट खरी झाली की नाही, हे या आकड्यांवरूनच कळतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते जन्माच्या वजनाला परत येतं. ज्या फॉर्मवर वजन पहिल्या दिवसापासून सरळ चढत गेलेलं आहे, 2,500, 2,600, 2,700, तो फॉर्म बहुतेक एका बैठकीत, एकाच पेननं भरलेला असतो. 42 दिवसांच्या भेटींचे 250 रुपये फॉर्म पूर्ण असल्यावर मिळतात, म्हणून फॉर्म पूर्ण होतात. त्यावर पैसे कापणं हा उपाय नाही. वरच्या सिस्टरनं महिन्यात दोन-तीन घरी स्वतः जाऊन बाळ पुन्हा काट्यावर घालायचं. कुठल्या घरी ते आधी सांगायचं नाही. तेवढ्यानं फरक पडतो.

रात्री जेवायला भात, वरण आणि वास्त्याची भाजी. बांबूचे हे कोवळे कोंब पावसाळ्यातच मिळतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला वासाची सवय लागायला चार घास जातात, पाचव्याला भाजी परत मागितली जाते.

दिवस तिसरा : औषधाची खोली, लसींची खोली आणि एक घोणस

हे केंद्र जुन्या इमारतीत. छत गळत होतं, बादल्या मांडलेल्या. रंग उडालेला. अख्ख्या प्रवासातलं सर्वात चांगलं चाललेलं केंद्र हेच निघालं.

आधी लसीकरणाच्या फ्रिजचं तापमान रजिस्टर उघडलं आणि सरळ रविवारचं पान काढलं. ही आमची जुनी खोड. दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, नोंद हवी. आकडे 3.6, 5.2, 4.1 असे वेडेवाकडे होते, म्हणजे कुणीतरी खरंच बघून लिहिलेले. महिनाभर '4, 4, 4' दिसलं की समजावं. एका रात्री वीज गेली होती तिथे शेरा : 'रात्री 11.40 ते पहाटे 5.15 बंद. झाकण उघडलं नाही. सकाळी 6.8.'

लस बिघडते म्हणजे तापते, असं बाहेरचे समजतात. गोठूनही ती तितकीच वाया जाते. पेंटाव्हॅलेंट, टीडी, हेपॅटायटिस बी या लसी गोठल्या की निकामी होतात, आणि वितळल्यावर वरवर पाहून ते कळत नाही. म्हणून डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक लगेच लस नेण्याच्या कॅरियरमध्ये भरायचे नाहीत. टेबलावर ओळीनं मांडायचे, बाहेरून घाम सुटला पाहिजे, कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजलं पाहिजे. मगच चार पॅक कॅरियरमध्ये. इथली आरोग्यसेविका सकाळी आल्या आल्या पहिलं काम हेच करत होती, आणि पॅक घाम गाळेपर्यंत सिरिंज मोजून घेत होती. दुसरीकडे गाडी बाहेर हॉर्न वाजवत असते आणि पॅक दगडासारखेच भरले जातात. गोवर-रुबेलाची कुपी विरघळवल्यावर चार तासांत टाकून द्यायची, म्हणून कुपीवर वेळ लिहायची. इथे ती पेननं लिहिलेली होती. खुणेचा ठिपका नव्हे, '10.25'.

खरा वेळ गेला तो औषधाच्या खोलीत. फार्मासिस्ट मितभाषी गृहस्थ. त्यांनी मागणीपत्राला हातानं एक रकाना वाढवला होता : 'शिल्लक शून्य असलेले दिवस'. का, ते त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. समजा एका महिन्यात रक्तदाबावरच्या अम्लोडिपिनच्या 600 गोळ्या खर्ची पडल्या. कागद सांगतो, महिन्याला 600 लागतात. पण गोळ्या 12 तारखेलाच संपल्या होत्या. म्हणजे दिवसाला 50, महिन्याला 1,500. मागणी 600 ची गेली की पुन्हा 600 येतात, पुन्हा 12 तारखेला संपतात, आणि वरच्या कार्यालयात हे केंद्र 'मागणीप्रमाणे शंभर टक्के पुरवठा' या यादीत असतं. कुणी चोरी केलेली नाही, कुणी खोटं लिहिलेलं नाही. अठरा दिवस ज्याला गोळी मिळाली नाही तो म्हातारा मात्र तीन खेपांनंतर यायचाच बंद होतो. वर्षभरानं त्याला लकवा मारून आणतात, तेव्हा रजिस्टरात 'रक्तदाब, उपचार घेत नव्हता' अशी नोंद होते.

पावसाळ्याचा साठा त्यांनी मे महिन्यातच चढवला होता. ओआरएस, झिंक, हिवतापाच्या गोळ्या, सर्पदंशाची प्रतिविष लस, चार महिन्यांचा हिशोब. ज्याची मुदत आधी संपते तो खोका पुढे, ही पद्धत सगळ्यांना तोंडपाठ असते. नवा माल आल्यावर जुना पुढे सरकवण्याचं अंगमेहनतीचं काम कुणाचं, हे ठरलेलं नसतं. इथे शिपायाचं नाव रॅकवर चिकटवलेलं होतं.

पहिल्या दिवशीच्या कुलपाचं उत्तरही इथेच मिळालं. प्लॅस्टिकचे तीन डबे : रक्तस्राव, झटके, साप. प्रत्येकात एका पेशंटला पुरेल एवढंच. झाकणावर यादी, कडेला कागदी पट्टीचं सील, त्यावर क्रमांक, तारीख, सही आणि आतल्या औषधांतली सर्वात आधीची एक्स्पायरी. कुलूप नाही. पट्टी कुणीही फाडू शकतं. जो फाडेल त्यानं त्याच पाळीत डबा भरून नवं सील लावायचं. फार्मासिस्ट रोज फक्त सीलचे क्रमांक बघतात, पाव मिनिटात तिन्ही डबे मोजून होतात.

चार वाजून दहा मिनिटांनी सापाचा डबा उघडला गेला. बांधीत पऱ्हे लावणारा तरुण, घोट्याजवळ चावा, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेला. सोबतच्यानं साप पाहिला होता, घोणस म्हणत होता. पायाला दोरी आवळलेली. ती लगेच सोडली नाही, आधी सलाईन लावलं. सिस्टरनं 2 मिली रक्त काढून काचेच्या कोऱ्या परीक्षानळीत घातलं, नळी स्टँडवर ठेवली आणि मोबाइलवर वीस मिनिटं लावली. त्या वेळात कुणी नळीला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलं नव्हतं, म्हणजे विष चढलेलं होतं.

ही नळी कोरीच का, तर साबणानं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही. प्लॅस्टिकच्या नळीतही तेच. मग ज्याला विष चढलेलंच नाही त्यालाही लस दिली जाते, साठा संपतो, आणि दुसऱ्या दिवशी खरा पेशंट आला की रेफर. नळी काही रुपयांची असते. ती 'स्टेशनरी' की 'लॅब साहित्य' या वादात कित्येक केंद्रांत आलेलीच नसते.

प्रतिविषाच्या दहा कुप्या. पावडर पाण्यात विरघळवताना जोरात हलवली की फेस होतो, म्हणून हातात फिरवायची. दोघी जणी लागल्या तरी याला वेळ जातो, आणि एकटी सिस्टर असेल तर तो दुप्पट. तासाभरात सगळी लस सलाईनमधून गेली. लसीची ॲलर्जी उठलीच तर म्हणून ॲड्रेनॅलिन 0.5 मिलीग्रॅम सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेलं होतं, ते लागलं नाही. सहा तासांनी, पावणेबाराला, पुन्हा चाचणी. नळी तिरकी केली, गुठळी जागची हलली नाही. सकाळी त्याला लघवी आणि क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या) तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, फोन करून, आणि चिठ्ठीवर कुप्यांची संख्या व वेळ लिहून. चिठ्ठीत हे नसेल तर पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो.

सापाच्या डब्यावर रात्रीच नवं सील लागलेलं होतं.

दिवस चौथा : आलापल्ली, हेमलकसा, भामरागड

सहाला निघालो. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. खनिजाच्या ट्रकांनी रस्ता खणून ठेवला आहे, त्याबद्दल अधिक काही लिहीत नाही. आलापल्लीपुढे सागाचं जंगल सुरू होतं आणि मोबाइलची रेंज जाते. डिझेल इथेच भरा.

भामरागडच्या अलीकडे हेमलकसा. बाबा आमट्यांनी 1973 मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. आवारात चुली पेटलेल्या, पेशंटची माणसं भात शिजवत बसलेली. छत्तीसगडच्या बाजूनंही लोक चालत येतात. इथे नमस्काराला 'जोहार' म्हणायचं, आणि माडिया बोलणारं माणूस सोबत नसेल तर पुढचं संभाषण हातवाऱ्यांवर जातं.

भाषेचा प्रश्न औषधाच्या पाकिटावर येऊन आदळतो. हिवतापाचा पीव्ही (व्हायव्हॅक्स) प्रकार असेल तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. 'रोज एक, चौदा दिवस' हे मराठीत सांगून पेशंट पाठवला तर बरं वाटल्यावर गोळ्या कोनाड्यात जातात, यकृतातले जंतू तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी ताप परत. एका उपकेंद्रात गोळ्यांच्या पाकिटावर चौदा रेघा मारून देत होते, रोज एक खोडायची. सातव्या दिवशी आशा जाऊन रेघा मोजते. पेशंटला 'गोळी घेतली का?' विचारलं की तो 'हो'च म्हणतो, म्हणून ती पाकीट दाखवायला सांगते.

हिवतापाच्या झटपट तपासणीच्या आरडी किटच्या चुका सगळीकडे सारख्याच. बफरचे थेंब अंदाजानं, किंवा दुसऱ्या कंपनीच्या किटची बाटली वापरलेली. किटवर लिहिलेल्या वेळेत न वाचता तासाभरानं वाचलेलं, तेव्हा खोटी फिकट रेघ उमटू शकते. आणि किट पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं. निकाल चुकला की दोष किटच्या दर्जाला.

दुपारी एका केंद्राचं माहेरघर बघितलं. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या बायकांनी काही दिवस आधी येऊन राहायची ही खोली. चार बायका, दोन लहान मुलं आणि एक सासू. मुलांना सोबत घेऊ दिलं नाही तर आई येत नाही, हे इथे कळलेलं आहे. इतरत्र माहेरघराला कुलूप दिसतं आणि कारण 'लाभार्थी येत नाहीत'.

या केंद्राच्या भिंतीवरचा फळा लक्षात राहिला. रकाने पाच : बाई, गाव, तारीख, नाला, ट्रॅक्टर. म्हणजे गाव आणि केंद्र यांच्यामध्ये कोणता नाला आहे, आणि गावात ट्रॅक्टर कुणाकडे. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागड तुटतं, हे इथे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्यामुळे यादी तारखेप्रमाणे न लावता नाल्याप्रमाणे लावलेली. ज्या नाल्याला पाणी आधी येतं त्या पलीकडच्या बायका आधी आणायच्या, मग त्यांची तारीख पंधरा दिवस लांब का असेना. हा फळा कुठल्याही सरकारी नमुन्यात नाही. आरोग्यसेवकाला विचारलं तर म्हणाला, "जिल्ह्याला नाला माहीत नसतो ना सर."

संध्याकाळी चारनंतर आभाळ फाटल्यासारखा पाऊस. त्रिवेणी संगम बघायचा बेत रद्द.

जाणाऱ्यांसाठी : मच्छरदाणी न्या आणि खाटेवर झोपा, जमिनीवर नको. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा चावा अनेकदा कळतही नाही. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'गडचिरोलीला जाऊन आलो' हे पहिलं वाक्य सांगा. शहरात हिवतापाची तपासणी लगेच सुचेलच असं नाही.

दिवस पाचवा : परतीच्या वाटेवरचं उपकेंद्र

पाणी उतरलेलं, निघता आलं. परतीला एका बाजाराच्या गावी थांबलो. गरम भजी, चहा, आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली रानातल्या सात्यांचे, म्हणजे अळंब्यांचे, वाटे. सकाळी दहालाच बाजार भरलेला आणि उपकेंद्रातही तेवढीच गर्दी.

समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या मॅडमनी रक्तदाबाचा दिवस मुद्दाम बाजाराला जोडला होता. रोवणीत बाई सकाळी सातला बांधीत जाते ती अंधारून आल्यावर परतते, तिच्यासाठी दुपारची ओपीडी असून नसल्यासारखी. बाजाराला मात्र ती येतेच. त्यामुळे या दिवशी कुणाची रजा नाही, रक्तदाबाच्या यंत्राचे सेल आदल्या दिवशी बदललेले, आणि बाकावर पाच मिनिटं बसल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही. ओझं घेऊन चालत आलेल्या माणसाचा रक्तदाब तसाच मोजला तर वाढलेलाच येणार, आणि विनाकारण गोळी वाढवली जाणार.

टेबलावर लाकडी खोका, तेरा कप्पे. बारा महिन्यांचे बारा, एक चुकलेल्यांचा. पेशंटला तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या की त्याचं कार्ड पुढच्या महिन्याच्या कप्प्यात. महिना संपताना चालू कप्प्यात जी कार्डं उरली ते आलेले नाहीत. गावाप्रमाणे वेगळी करून त्या त्या आशाला द्यायची. संगणकात हीच माहिती भरावी लागते, पण वीज आणि नेट असेल तेव्हा. खोका सुताराकडून करून घेतलेला. जुलैच्या कप्प्यात सकाळी बरीच कार्डं होती, साडेअकरापर्यंत ती बोटभर जाडीची उरली.

भिंतीलगत तीन डबे. तेच, सीलवाले. त्या केंद्राचं बघून इथेही केलेले. आत कसं मांडलं आहे ते बघायला मिळेल का, असं विचारलं.

"यादी झाकणावर आहे ना जी, ती वाचा," मॅडम पट्टा बांधता बांधता म्हणाल्या. "सील तोडलं तर मला पुन्हा सगळं मोजावं लागेल. बाहेर बघा किती जण बसलेत."

झाकण वाचलं. 'रक्तस्राव. सील 31. पहिली एक्स्पायरी : नोव्हेंबर. ऑक्सिटोसिन या डब्यात नाही, फ्रिजच्या दारात, वरचा कप्पा.' खाली सही, आणि सहीखाली बाणाची खूण, फ्रिज ज्या बाजूला होता तिकडे.